वजा पंधरा मीटरचा निंब

भाच्याच्या वहीत निंबाची उंची वजा पंधरा मीटर आली होती. आली होती म्हणजे त्यानं ती पट्टीनं चौकट आखून, आत निळ्या पेनानं नीट लिहिली होती: उंची = −१५.३२ मीटर. २०२४ च्या दिवाळीचे दिवस. ओसरीत सोयाबीनचे कट्टे लागलेले, मधल्या खोलीत पहिल्या वेच्याचा कापूस भिंतीवर चढत गेलेला, आणि सरकीच्या त्या कोमट वासात पोरगा पाठीला उशी लावून मायक्रोप्रोजेक्ट लिहीत बसला होता. डिप्लोमा, सिव्हिल, दुसरं वर्ष. विषय सर्व्हे. धुऱ्यावरच्या निंबापासून टेपनं वीस मीटर मोजायचे, तिथून शेंड्याचा कोन घ्यायचा, टॅन लावायचा, डोळ्यांची उंची मिळवायची; काम एवढंच. कोन त्यानं मोबाईलवरच्या कुठल्याशा ॲपनं घेतला होता, ३७ अंश. डोळ्यांची उंची दीड मीटर. ते सगळं बरोबर होतं. आकृती तर इतकी हौसेनं काढलेली की निंबाला पानंसुद्धा होती. आणि त्या पानांखाली हे वजा.

मी विचारलं, “हे काय रे?”

“हाव आत्या, मलेबी इचित्र वाटलं. पण दोनदा करून पायलं, तेच येते. माह्यंच काईतरी चुकलं असन. कॅल्क्युलेटर तं नवाच हाये.”

झाड जमिनीखाली पन्नास फूट. आमच्या वावरातली विहीर साधारण तेवढी खोल आहे.

दादा अंगणात सोयाबीन हालवत होता. त्यानं ऐकलं आणि हसत सुटला. “निंब मोजाले गेलता का हीर?” पोरगाही हसला, पण कानापर्यंत लाल होऊन. मी कॅल्क्युलेटर हातात घेतला. पडद्याच्या वरच्या कडेला, डोळे बारीक केल्याशिवाय दिसू नये असं एक अक्षर: आर. म्हणजे रेडियन, कोनाचं अंशांहून वेगळं माप. कुण्या मित्रानं गणिताच्या तासाला मागून नेला होता आणि परत देताना तसाच दिला. बंद करून पुन्हा चालू केला तरी ते अक्षर जात नाही. मागच्यानं जे लावलं ते पुढच्याच्या वाट्याला येतं. मोडचं बटन दोनदा दाबलं, डेग-रॅड-ग्रा अशी ओळ आली, खाली १, २, ३. मी १ दाबला, म्हणजे अंश. टॅन ३७ म्हणजे ०.७५३५ आणि पुढची शेपटी, गुणिले वीस, अधिक दीड. १६.५७. चहा निवायच्या आत सगळं संपलं. पोरानं व्हाईटनर फुंकून वाळवला आणि नवी चौकट आखलीसुद्धा.

वजाचं मला काही वाटलं नाही. वजा उंची वर्गात दरवर्षी कोणीतरी काढतंच. रुतून बसलं ते त्याचं वाक्य. माह्यंच काईतरी चुकलं असन. या निंबावर हा पोरगा लहानपणी चढलेला आहे. उन्हाळ्यात बैल त्याच्याच सावलीत बांधलेले असतात, डवरणीच्या दिवसांत शिदोरी तिथंच सुटते, एका पोळ्याला फांदीवरून पडून यानं हात मोडून घेतला तोही तिथंच. झाड वर आहे हे त्याला हाडातून ठाऊक. तरी पडद्यावरचे आकडे खरे की आपले डोळे, असा प्रश्न आला तेव्हा त्यानं डोळ्यांना खोटं पाडलं. कुरकुर न करता. चौकट आखून.

मी तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते, आणि हे वाक्य मी फार तोंडांतून ऐकलं आहे. घरी तोललेला कापूस बाजारातल्या काट्यावर कमी भरला, बंद घराला विजेचं बिल भरमसाट आलं, कुठल्याशा अर्जात आपलंच नाव आपल्याला ओळखू येईना, तरी आधी आपलीच बाजू तपासायची अशी आमच्याकडची रीत. नम्रपणा म्हणावा तर तसंही नाही. तळाशी भीती असते: आपण विचारलं आणि आपलंच अज्ञान चारचौघांत उघडं पडलं तर? कागदावर, शिक्क्यात, पडद्यावर जे उमटलं ते शिकलेल्या माणसानं उमटवलंय, तो काय वेडा आहे? या स्वभावाचा मला राग येतो. आणि राग धरवतही नाही, कारण माझे बाबा असेच होते.

यंत्राला बोल लावायलाही जागा नाही. त्याला जे विचारलं त्याचं उत्तर त्यानं चोख दिलं. ३७ अंश असं त्याला कोणी म्हणालंच नव्हतं. ३७ रेडियन म्हणालं होतं. एक रेडियन म्हणजे ५७ अंशांच्या थोडं वर. ३७ रेडियन म्हणजे सहा पूर्ण फेऱ्या, फक्त शेवटचे ४० अंश कमी. शेंड्याचा कोन वर-खाली मोजतात, तेव्हा या फेऱ्या आडव्या नाहीत, उभ्या आहेत. म्हणजे यंत्राच्या हिशेबी पोरानं वीस मीटरवर उभं राहून कोलांट्यांवर कोलांट्या घेतल्या, सहावी पुरी व्हायच्या आत थांबला, आणि क्षितिजाच्या ४० अंश खाली टक लावून बघू लागला. तिथून जे दिसेल ते जमिनीतच असणार. दादा थट्टेनं हीर म्हणाला खरा, पण गणितही तेच म्हणत होतं.

वजा आलं म्हणून तरी वाचलो. त्या ओळीत तिसराही एक पर्याय असतो, ग्रा, म्हणजे ग्रेडियन. काटकोनाचे ९० ऐवजी १०० भाग, पूर्ण वर्तुळाचे ४००. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात सगळी मापं दहाच्या पटीत बसवायची धूम उठली होती, त्यातलं हे अपत्य. युरोपात काही ठिकाणी सर्वेक्षणाची माणसं ते वापरतात. आमच्या तालुक्यात कोणी वापरलं असेल असं मला वाटत नाही, पण घाईत बटनं दाबताना बोट तिथं पडतंच. जेवणं झाल्यावर, पोरगा फटाके वाळवायला गच्चीवर गेला तेव्हा मी मुद्दाम ३ दाबून तेच गणित केलं. निंबाची उंची १४.६४ मीटर आली.

कोण दचकणार होतं?

साडेचौदा मीटरचा निंब असतोच. पोरानं चौकट आखली असती, सरांनी लाल पेनानं बरोबरची खूण केली असती, मीही ओझरतं बघून “छान” म्हणाले असते. जवळजवळ दोन मीटर झाड नाहीसं झालं असतं आणि कोणाला पत्ता लागला नसता. ३७ अंश ३० मिनिटं हा कोन ३७.३० असा टाकणारी पोरंही याच घरातली. अंश-मिनिटांसाठी वेगळं बटन असतं, ते न दाबता दशांशचिन्ह दिलं की उत्तर किंचित हलतं, इतकं किंचित की संशय यायला कारणच उरत नाही. मी कोणाचाही कॅल्क्युलेटर हातात घेतला की आधी साईन ३० दाबते. ०.५ आलं तर पुढं जायचं. −०.९८८ आलं तर रेडियन. ०.४५३९ आलं तर ग्रेडियन, आणि हे तिसरं उत्तर बघताना मला दरवेळी जरा धस्स होतं. पहिलं चूक उत्तर निदान आरडाओरडा करतं. हे बिचारं सभ्य कपडे घालून आपल्यात बसतं.

आमच्या वेळी हा घोळ नव्हता असं म्हणायचा मोह होतो, पण ते पुरतं खरं नाही. बारावीला, १९८९ साली, आमच्याजवळ लॉग टेबल होतं. पातळ, पिवळट कागदाचं, आधीच्या दोघा-तिघांची नावं खोडून आपलं लिहिलेलं. त्यातलं साईनचं पान, टॅनचं पान. डाव्या कडेला अंश, वर सहा-सहा मिनिटांची घरं, उजव्या कडेला सरासरी फरकांचे बारीक रकाने. लाईन गेलेली असायची, चिमणीच्या उजेडात बोट ओळीवरून सरकवत न्यायचं, आणि रॉकेलचा धूर नाकात जाऊन सकाळी रुमाल काळा. साईनला फरक मिळवायचा, कोसाईनला वजा करायचा. हे विसरून मुलंमुली धडाधड चुकायची. एकदा बाबा जवळ येऊन बसले. सातवीपर्यंत शिकलेले. ते पान त्यांनी दिव्याजवळ धरलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, “एवढे आकडे, अन् एकबी रुपयाचा नाई?”

पण त्या पानात एक सोय होती, जिची किंमत मला तेव्हा कळत नव्हती. ३७ अंशाचा टॅन बघायला गेलं की वर ३६ चा दिसायचा, .७२६५. खाली ३८ चा, .७८१३. आपला .७५३६ त्यांच्या मध्ये. न मागता शेजार कळायचा. पान चाळताना हळूहळू अंगवळणी पडायचं की टॅन ४५ ला एक होतो, त्याच्या अलीकडे एकाहून कमीच, पुढं मात्र तो वाढतच जातो, ६० ला १.७३, ८० ला साडेपाचच्या वर, आणि ८९ च्या ओळीत तर त्याला काही धरबंदच राहत नाही. उणे चिन्ह त्या पानावर कुठंच नव्हतं. लॉग टेबल वापरलेल्या पोरीनं निंबाची उंची वजा काढली असती तर तिला आधी ते चिन्ह कुठून तरी पैदा करावं लागलं असतं. कॅल्क्युलेटर एकच आकडा दाखवतो, काळ्या-करड्या पट्टीवर, एकटा. त्याच्या आजूबाजूला काय आहे ते विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारायचं असतं हेच मुळात कोणी सांगत नाही.

आमच्या पोरांची वाटही विचित्र आहे. दहावीला भूमिती भाग दोनमध्ये ते साईन ०, ३०, ४५, ६०, ९० चा तक्ता पाठ करतात; शून्य ते चार लिहा, चारनं भागा, वर्गमूळ घ्या, अशी युक्ती शिकवणीत सांगतात. दिव्याच्या खांबाला टेकवलेली शिडी नेहमी ६० अंशातच टेकते. झाड वादळात मोडलं तरी ३० अंशात मोडतं. परीक्षेत कॅल्क्युलेटरला हात लावायचा नसतो. मग ज्यांनी अकरावी-बारावी सायन्स घेतलं ती लॉग टेबलातून जातात. पण आमच्याकडची बरीच पोरं, लवकर हाताशी येऊ म्हणून, दहावीनंतर थेट डिप्लोमाला जातात. त्यांच्या प्रश्नपत्रिकेवर नॉन-प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटर चालेल असं छापलेलं असतं. त्याच सूचनांमध्ये मोबाईलबरोबर पेजरलाही बंदी असायची, आणि पेजर म्हणजे काय हे विचारणारे विद्यार्थी मला भेटलेले आहेत. तर पाठ केलेल्या पाच कोनांवरून पोरगा एकदम त्या बटनांच्या गर्दीत येऊन पडतो. मधलं पान, जिथं शेजार दिसतो, ते त्याच्या आयुष्यात येतच नाही.

ते पान आपल्याकडे फार जुनं आहे, म्हणून जास्त चुटपुट लागते. इसवी सन ४९९ च्या आर्यभटीयात एकाच श्लोकात २४ आकडे अक्षरांत गुंफले आहेत. पावणेचार अंशांच्या एकेका पायरीला अर्धज्या, म्हणजे त्रिज्येनं गुणलेला आपला साईन, किती वाढते, तेवढंच: २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५, १९९... असं उतरत उतरत शेवटी २२ आणि ७. आर्यभटानं थेट किंमती दिल्या नाहीत, दोन शेजाऱ्यांमधलं अंतर दिलं. त्रिज्या ३४३८ धरलेली. पहिले आठ आकडे मिळवले की आठ पायऱ्या होतात, म्हणजे ३० अंश, आणि बेरीज येते १७१९. तीनशे-चारशे मुलांना मी आजवर फळ्यावर ही बेरीज करायला लावली असेल. १७१९ म्हणजे ३४३८ च्या बरोबर निम्मे, हे एखाद्या मुलीच्या लक्षात येतं तेव्हा ती आधी मागं वळून बाकीच्यांना कळलं का ते बघते. साईन ३० म्हणजे अर्धा हे तिला ठाऊकच होतं; पण ते पाठांतरातून आलेलं अर्धं आणि बेरजेतून समोर येऊन ठेपलेलं अर्धं यात फरक आहे.

आणि यंत्राच्या पोटात काय चालतं? माझी समजूत कित्येक वर्षं अशी होती की त्यात भलं मोठं टेबल साठवलेलं असणार. तसं नसतं. जॅक व्होल्डर या अमेरिकन अभियंत्यानं १९५९ मध्ये एक रीत प्रसिद्ध केली; बॉम्बफेकी विमानाच्या दिशादर्शक संगणकासाठी ती शोधली होती. ठरावीक कोनांनी वळत जायचं. ज्यांचा टॅन १, मग अर्धा, मग पाव, मग एक अष्टमांश, असे कोन: ४५, २६.५७, १४.०४, ७.१३ अंश. ३७ हवेत? ४५ ला जा. जास्त झालं, २६.५७ मागं ये, १८.४३. कमी पडलं, १४.०४ पुढं, ३२.४७. अजून ७.१३ पुढं, ३९.६०. पुढं गेलो, ३.५८ मागं, ३६.०२. असं करत करत ३७ वर येऊन टेकायचं. गुणाकार जवळजवळ लागतच नाही, मिळवणं-वजा करणं आणि आकडे काही घरं सरकवणं एवढ्यात भागतं, म्हणून स्वस्त चिपलाही झेपतं. १९७२ साली एचपी-३५ हा खिशात मावणारा पहिला सायंटिफिक कॅल्क्युलेटर ३९५ डॉलरला आला, तोही थोड्या फरकानं हेच करत होता. मला या रीतीचं फार अप्रूप वाटलं. आमचा तो ठाम, शांत, चुकूनही न अडखळणारा पडदा आतून असा पुढं-मागं करत असतो. पण ते हेलपाटे तो दाखवत नाही. दाखवता तर पोरांचं बरं झालं असतं.

अविश्वास हा मोजणीच्या कामातला पहिला गुण आहे, हे मला हिंगणघाटनं शिकवलं. एका लग्नाला गेले होते आणि मुहूर्ताला वेळ होता, तेव्हा कोणीतरी सांगितलं की इथं त्या मोजणीवाल्या साहेबाची कबर आहे. विल्यम लॅम्बटन. १८०२ साली मद्रासजवळ जमिनीवर साखळीनं एक रेषा मोजून त्यानं सुरुवात केली आणि मग त्रिकोणाला त्रिकोण जोडत दक्षिण भारत पालथा घातला. जवळजवळ अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, बरोबर. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना तो आपटला, तर यानं स्वतः बसून दुरुस्त केला. १८२३ च्या जानेवारीत, छावणी नागपूरकडे निघालेली असताना, हिंगणघाटला वारला. आपल्या काळ्या मातीत गाडलेला त्रिकोणमितीचा इतका मोठा माणूस, आणि तिथल्या पोरांना त्याचं नाव परीक्षेत येत नाही. असो. सांगायचं ते हे, की त्या लोकांनी कुठलाही कोन एकटा सोडला नाही. प्रत्येक त्रिकोणाचे तिन्ही कोन मोजायचे, दोन मोजून तिसरा वजाबाकीनं काढायचा नाही. बेरीज १८० ला, आणि पृथ्वीच्या फुगवट्याची लहानशी भर त्यात घालून, जुळते का बघायची. शेकडो मैल गेल्यावर पुन्हा साखळी काढायची, पुन्हा जमिनीवर रेषा मोजायची, आणि गणितातून आलेली लांबी तिच्याशी ताडून पाहायची. उत्तर आलं म्हणून त्यांचं काम संपत नव्हतं.

वर्गात मी हे सांगते तेव्हा मुलं ऐकतात, आणि मग कोणीतरी विचारतंच: मॅडम, टॅन ९० ला एरर काऊन येते? मग मी काठीची गोष्ट काढते. काठीची उंची म्हणजे सावली गुणिले सूर्याच्या कोनाचा टॅन. सकाळी सावली लांब, टॅन लहान; दुपारी सावली आखूड, टॅन मोठा; गुणाकार तोच. आमच्या अक्षांशावर मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एका दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. अंगणात उभी केलेली काठी, पाण्याचा गुंड, दारातली माणसं, कोणाचीच सावली बाजूला पडत नाही. सावली शून्य, कोन ९०, यंत्रावर एरर. काठी मात्र होती तेवढीच. ते मे महिन्याचं ऊन काय असतं हे विदर्भातल्या वाचकाला सांगायला नको. मुलांना भर दुपारी बाहेर काढलं म्हणून एका पालकानं माझी तक्रार केली होती, आणि ती रास्तच होती.

भाऊबीज झाल्यावर दादानं सोयाबीन खरेदी केंद्रावर न्यायचं ठरवलं. हमीभाव ४,८९२, बाजारात त्याच्या खूप खाली. अट एकच, ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. निघायच्या आधी दादानं कट्ट्यातून चार दाणे काढून दाढेखाली धरले. कट्ट वाजायच्या ऐवजी जरा दबले. “तेरा-चवदा असन,” तो म्हणाला, “अजून उनं पायजेत.” पण कापूस वेचणाऱ्या बायांची मजुरी द्यायची होती, ट्रॅक्टर सांगून ठेवलेला होता, म्हणून निघालाच. मीही गेले, बाजाराच्या वाटेवर माझी बस मिळते म्हणून. रांग लांब. पोरगा ट्रॉलीवर बसून होता. नंबर आला तेव्हा तिथल्या माणसानं कट्ट्यात बांबी खुपसून दाणे काढले, मीटरच्या डब्यात ओतले, बटन दाबलं आणि आमच्याकडे न बघता “तेरा पॉइंट चार” म्हणून पुढच्याला हाक दिली.

पोरगा खाली उतरला. “भाऊ, मशीन कोणत्या मालावर लावलं हाये?”

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. धान्याच्या या मीटरांना आधी सांगावं लागतं की आत काय ओतलंय. गव्हावर लावून सोयाबीन टाकलं तर ते बिनदिक्कत गव्हाच्या हिशेबानं उत्तर देतं. हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. त्या माणसानं क्षणभर पोराकडे पाहिलं, मग काही न बोलता मशीन त्याच्याकडे फिरवलं. सोयाबीनच होतं. पोरानं खात्री केली, “पुन्हा एकदा टाका नं जी,” म्हणाला. दुसऱ्यांदा १३.३. म्हणजे मीटर बरोबर, दादाची दाढही बरोबर. दादा ट्रॅक्टरवाल्याला ट्रॉली वळवायला सांगत होता आणि पोरावर चिडलाही होता. “म्या सांगतलंच होतं तेरा-चवदा. कायले लोकायसमोर मशीन पायाचं?” पोरगा काही बोलला नाही. पण मान खाली नव्हती. माझी बस लागली आणि मी निघाले.

पुढचं फोनवर कळलं. माल वाळवत ठेवायला जागा नव्हती, बाया मजुरीला येऊन बसल्या, दादानं १४ क्विंटल गावातल्या व्यापाऱ्याला ४,०५० नं देऊन टाकलं. आणि मग नोव्हेंबरच्या मध्यावर बातमी आली की केंद्र सरकारनं यंदापुरती सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के केली.

“मंग आता तेरा पॉइंट चार चालते?” दादानं मला विचारलं, जणू मीच ठरवलं होतं.

“चालते.”

“आन् माल तं गेला.” मग फोन बाजूला धरून पोराला म्हणाला, “काढ बरं, कितीचा फटका बसला तं.” पलीकडे बटनांचा टकटक आवाज आला. चार हजार आठशे ब्याण्णव वजा चार हजार पन्नास, गुणिले चौदा. पोरानं बरोबरचं चिन्ह दाबायच्या आत दादा म्हणाला, “पावणेबारा हजार.”

“अकरा हजार सातशे अठ्ठ्याऐंशी,” पोरगा म्हणाला.

“मंग वरचे अडतीस तुह्ये.”